मोनेचा बर्फ पांढरा का दिसत नाही? सीन नदीवरचं एक चित्र नीट बघूया

क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार म्हटलं की बहुतेकांना कमळांचं तळं आठवतं, कॅलेंडरवर, मगवर, छत्रीवर, सगळीकडे तेच. पण माझ्या मते मोने समजून घ्यायचा असेल तर त्याची बर्फाची चित्रं आधी बघावी, आणि त्यातही 1880 च्या जानेवारीत सीन नदीवर वाहणाऱ्या बर्फाची. यातल्या सगळ्यात मोठ्या चित्रांपैकी एक म्हणजे 'ले ग्लासों', म्हणजे बर्फाचे तुकडे, साधारण एक मीटर उंच आणि दीड मीटर रुंद, सध्या अमेरिकेत व्हरमाँटच्या शेल्बर्न म्युझियममध्ये आहे. इंटरनेटवर सहज सापडतं, एका टॅबमध्ये उघडून ठेवा आणि मग वाचा, कारण चित्र न बघता चित्राबद्दल वाचणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

पहिल्यांदा बघितल्यावर बहुतेकांना वाटतं की बरं, पाणी आहे, झाडं आहेत, पांढरे तुकडे तरंगतायत, पुढे काय? यात कठीण काय आणि याला एवढं डोक्यावर का घेतलंय? शंका बरोबर आहे. चित्रात गोष्ट नाही, घटना नाही, कोणी राजा नाही की देव नाही. जे काही आहे ते सगळं प्रकाशाच्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब कळला की चित्र एकदम वेगळं दिसायला लागतं. इम्प्रेशनिझम, म्हणजे मोने आणि त्याच्या दोस्तांची शैली, म्हणजे दहा मिनिटांत फराफरा ब्रश मारून उठणे हा जो सार्वत्रिक समज आहे ना, तो या एका चित्राने पूर्ण मोडतो. कसा ते बघू.

आधी थोडा मागचा संदर्भ, कारण तो इंटरेस्टिंग आहे. पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर सीनच्या वळणावर वेतय नावाचं छोटं गाव आहे, समोरच्या काठावर लावाकूर नावाची वस्ती. मोने 1878 मध्ये इथे राहायला आला. खिशात पैसे नाहीत, बायको कामीय आजारी, दोन पोरं, त्यातलं एक तान्हं. आणि सोबत अजून एक कुटुंब! एर्नेस्त ओशदे हा पॅरिसमधला कापडाचा मोठा व्यापारी, एकेकाळी मोनेची चित्रं विकत घेणारा, त्याचं दिवाळं निघालं, मग तो, त्याची बायको आलिस आणि त्यांची सहा मुलं असे सगळे मोनेच्या घरात एकत्र राहायला लागले. म्हणजे एका घरात बारा माणसं आणि कमाई एका चित्रकाराची, ज्याची चित्रं विकली जात नाहीत. सप्टेंबर 1879 मध्ये कामीय गेली, वय अवघं बत्तीस. मोनेने तिच्या मृत्युशय्येवर तिचं चित्र काढलं, ते आज पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. पुढे म्हातारपणी त्याने आपल्या मित्राला, क्लेमांसोला, सांगितलं होतं की तिच्या चेहऱ्यावर निळा, पिवळा, करडा असे रंग कसे बदलत जातायत हे आपण नकळत टिपत बसलो होतो, आणि याचं त्याला स्वतःलाच भय वाटलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे. माणूस दुःखात असतानासुद्धा ज्याचा डोळा रंग मोजणं थांबवत नाही असा हा प्राणी.

आणि मग आला तो हिवाळा. 1879 चा डिसेंबर फ्रान्समध्ये भयंकर होता, पॅरिसच्या आसपास पारा उणे 20 च्याही खाली गेला, सीन गोठली. लोक नदीवरून चालत पलीकडे जायचे. नदी गोठली म्हणजे तळापर्यंत घट्ट दगड झाली असं नसतं हं, वरचा थर गोठतो आणि खालून पाणी वाहतच असतं. मग जानेवारीच्या सुरुवातीला हवा एकदम बदलली, बर्फ वितळायला लागला, नदीत वरच्या अंगाने पाणी वाढलं आणि त्या पाण्याने वरचं झाकण खालून उचललं. ते तडकलं, तुकडे झाले, तुकड्यांवर तुकडे चढले आणि सगळा लोंढा खाली निघाला. वेतयला हे 5 जानेवारीच्या पहाटे पाचच्या सुमारास झालं. आलिसने पॅरिसला असलेल्या नवऱ्याला पत्रात लिहिलंय की मेघगर्जनेसारख्या आवाजाने जाग आली. पॅरिसमध्ये तर त्या लोंढ्याने पुलांचं नुकसान केलं.

गावातल्या लोकांनी सामान वाचवायची धावपळ केली असेल, आणि आमचे मोनेसाहेब कॅनव्हास घेऊन नदीवर. तीनच दिवसांनी त्याने एका ओळखीच्या डॉक्टर-संग्राहकाला कळवलं की इथे भयानक बर्फ फुटलाय आणि अर्थातच मी त्यातून काहीतरी करायचा प्रयत्न केलाय. "अर्थातच" हा शब्द मला फार आवडतो. थंडीचं त्याला वावडं नव्हतंच. त्याआधी दहाबारा वर्षांपूर्वी एका पत्रकाराने त्याला नॉर्मंडीत बर्फात चित्र काढताना पाहिलं होतं, तीन ओव्हरकोट चढवलेले, हातात मोजे, पायाशी पाय शेकायची शेगडी, चेहरा अर्धा गोठलेला, आणि साहेब बर्फाचा अभ्यास करतायत.

तर त्या महिन्यात आणि पुढच्या थोड्या दिवसांत त्याने या विषयाची पंधरा-वीस चित्रं काढली. आधी गोठलेल्या दवाने भरलेला काठ, मग फुटलेला बर्फ एकमेकांवर रचलेला, मग मोकळ्या पाण्यावर शांत तरंगणारे तुकडे, मग सूर्यास्त. एकच जागा, एकच विषय, फक्त हवा आणि वेळ बदलतेय. गवताच्या गंजी (1890-91), रुआँचं कॅथेड्रल, कमळं या ज्या त्याच्या गाजलेल्या मालिका आहेत त्यांची रंगीत तालीम इथे दहा वर्षं आधी झाली असं म्हटलं तरी चालेल.

आता मुद्द्यावर येऊ. बर्फ पांढरा असतो, मग चित्रात तो निळसर, जांभळट, हिरवट, कुठे गुलाबी का आहे? चित्रकाराची मर्जी? अजिबात नाही.

बर्फाला स्वतःचा असा पांढरा रंग नसतोच. मासळी बाजारात हातगाडीवरून बर्फाची लादी जाताना बघितली असेल, तिच्या कडा काचेसारख्या पारदर्शक असतात आणि मधला भाग पांढराफटक. दोन्हीकडे पाणी तेच. फरक हवेचा. लादी बाहेरून आत गोठत जाते, पाण्यातली हवा मधे ढकलली जाते आणि तिथे बारीक बारीक बुडबुडे अडकतात, प्रकाश त्या बुडबुड्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. भुरभुरणाऱ्या बर्फाचं तेच, कणांच्या मधे हवाच हवा, त्यामुळे ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला 80-90 टक्के परत फेकतो. म्हणजेच जो प्रकाश येईल तो. पिवळा आला तर पिवळा, निळा आला तर निळा. पांढरी भिंत जशी समोरच्या लाल साडीने गुलाबी होते तसंच. आणि तुकडा ओला झाला, वरचा भुसभुशीत थर धुतला गेला की तो पुन्हा काचेसारखा होऊन करडा-हिरवट दिसायला लागतो. मोनेच्या चित्रात तुकड्यांच्या वरच्या बाजू उजळ आणि कडा हिरवट-निळ्या आहेत त्या अशा.

आता हिवाळ्यातला प्रकाश कसा असतो ते बघा. वेतय साधारण 49 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे भर दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो 48 अंशांवर असतो, म्हणजे आपला जानेवारीचा सूर्य त्यांच्या मानाने डोक्यावरच. तिकडे अख्खा दिवस आपल्या संध्याकाळी साडेचार-पाचच्या उन्हासारखा, तोही सव्वाआठ तासांचा. सूर्यकिरणांना हवेतून तिरपं, लांबचं अंतर कापावं लागतं, त्या प्रवासात निळा भाग विखुरला जातो आणि जो थेट पोचतो तो प्रकाश पिवळसर, नारिंगी. विखुरलेला निळा गेला कुठे? आभाळात. म्हणजे बर्फाच्या ज्या बाजूवर थेट ऊन आहे ती बाजू पिवळी-गुलाबी, आणि ज्या बाजूवर सावली आहे तिथे ऊन पोचतच नाही, तिथे फक्त आभाळाचा प्रकाश पोचतो, आणि आभाळ निळं. म्हणून सावली निळी. इतकं साधं आहे. गुलमर्ग-मनालीचे फोटो मोबाईलवर निळे येतात म्हणून लोक फिल्टर मारून "नीट" करतात ना, तो फोटो खरं बोलत असतो, आपला मेंदू खोटं बोलत असतो.

मेंदूचं खोटं बोलणं हा पुढचा भाग. आपल्याला माहीत असतं की बर्फ पांढरा, सावली काळी, पान हिरवं, त्यामुळे डोळ्याला प्रत्यक्षात जो रंग येतो त्यातला फरक मेंदू आपोआप वजा करतो. हे रोजच्या जगण्यात फारच सोयीचं आहे, नाहीतर ट्यूबलाइटखाली आणि बल्बखाली एकच शर्ट दोन वेगळे शर्ट वाटले असते. पण चित्रकाराने माहितीवर चित्र काढलं तर ते लेबलं लावल्यासारखं होतं, बर्फ म्हणून पांढरा फासला, सावली म्हणून पांढऱ्यात काळा मिसळून राखाडी फासली, आणि चित्र राखेसारखं मेलेलं. मोने आणि त्याच्या दोस्तांनी हे वजा करणं बंद करायचं ठरवलं. जे डोळ्यावर येतं ते लिहून घ्यायचं. तेव्हाच्या लोकांना हे इतकं विचित्र वाटलं की एका नावाजलेल्या समीक्षकाने या मंडळींना निळ्या रंगाचं वेड लागलंय, डोळ्यांच्या नसांचाच आजार झालाय अशा अर्थाचं लिहून टाकलं. बारा वर्षं आधी मोनेने 'मॅगपाय' नावाचं बर्फाचं अप्रतिम चित्र काढलं होतं, कुंपणाच्या फाटकावर एक पक्षी आणि पुढे बर्फावर निळ्या सावल्या, तेही 1869 च्या सरकारी प्रदर्शनात नाकारलं गेलं होतं. आज तेच ओर्से म्युझियममधल्या सगळ्यात लाडक्या चित्रांपैकी एक आहे, लोक समोरून हलत नाहीत.

अजून एक अडचण असते जी फारशी कोणी सांगत नाही. उन्हातला बर्फ खऱ्या आयुष्यात डोळे दिपवतो. पण कॅनव्हासवर तुमच्याकडे असलेली सगळ्यात उजळ गोष्ट काय? ट्यूबमधला पांढरा रंग. तो कितीही भारी असला तरी खोलीतल्या भिंतीवर टांगलेल्या कॅनव्हासवर तो कागदाइतकाच उजळ. त्याच्या पुढे जायला जागाच नाही. मग तुम्ही सगळा बर्फ शुद्ध पांढऱ्याने रंगवला तर बर्फावर जिथे ऊन चमकतंय तिथे काय लावणार? संपला की साठा. म्हणून मोने पांढरा रंग कंजुषासारखा वापरतो. चित्राचा बहुतेक भाग तो मुद्दाम एक पायरी खाली ठेवतो, फिका निळा, फिका जांभळा, करडा-हिरवा, आणि जवळपास शुद्ध पांढरा किंवा किंचित पिवळसर पांढरा फक्त थोड्या जागी, जाडसर. त्या थोड्या जागा मग आजूबाजूच्या खालच्या सुरामुळे चकाकतात.

आणि यात एक शास्त्रीय भाग पण आहे. शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या सरकारी गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात रंगाई विभाग बघायचा. तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, काळ्या धाग्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे होते त्यांच्यामुळे काळा मरगळलेला दिसत होता. त्यावरून त्याने 1839 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं, सार असं की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात, आणि विरुद्ध रंग, म्हणजे निळ्याशेजारी नारिंगी, लालाशेजारी हिरवा, एकमेकांना भडकवतात. ऊन नारिंगीकडे झुकलेलं असेल तर सावली आहे त्याहूनही निळी भासते. मोनेने ते पुस्तक किती वाचलं हा वेगळा विषय, पण स्टुडिओंमध्ये या गोष्टी बोलल्या जात होत्याच, आणि त्याच्या बर्फात गुलाबी-नारिंगीशेजारी निळा-हिरवा असा खेळ सगळीकडे आहे. यात उजेड वाढवायला पांढरा लागत नाही, शेजार लागतो.

तुम्हाला पटत नसेल तर एक करून बघा. चित्राचा चांगला मोठा फोटो फोटो-एडिटिंग ॲपमध्ये उघडा आणि कलर पिकरने जिथे तुम्हाला ठणठणीत "पांढरा" वाटतोय तिथे टिचकी मारा. जो रंग येईल तो बघून हैराण व्हाल, बहुतेक वेळा करडा, मळकट निळा किंवा फिकट कांद्याच्या सालीचा गुलाबी येतो. ॲप नसेल तर कागदाला शेंगदाण्याएवढं भोक पाडा आणि स्क्रीनवर ठेवून फक्त तेवढाच तुकडा बघा, शेजार काढला की बर्फ गायब होतो आणि रंगाचा डाग उरतो.

रंगाच्या ट्यूबांचं पण सांगायला हवं. निळा रंग आधी सोन्याच्या भावाने मिळायचा, अल्ट्रामरिन म्हणजे अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाची पूड. कोबाल्ट निळा 1802 मध्ये तयार झाला, अल्ट्रामरिन कारखान्यात बनवायची पद्धत 1820 च्या दशकात सापडली, आणि 1841 मध्ये रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरायची पत्र्याची दाबायची ट्यूब काढली. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांमध्ये ठेवायचे, एकदा टोचलं की वाळायला सुरुवात. म्हणजे मोने नदीच्या काठावर उणे तापमानात स्वस्त निळ्या रंगाच्या चारदोन ट्यूबा घेऊन बसू शकला याचं श्रेय केमिस्टांनाही आहे. 1905 मध्ये त्याने आपल्या रंगांची यादी एका पत्रात दिलीय, पांढरा, कॅडमियम पिवळा, हिंगुळासारखा लाल, गडद मॅडर, कोबाल्ट निळा, हिरवा, बस्स. काळा नाही.

आता पाण्याकडे या, हे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं. नदी सपाट आहे हे कॅनव्हासवर कसं कळतं? कॅनव्हास तर उभा आहे. मोनेने दोनच दिशांमध्ये काम केलंय. झाडं आणि त्यांची प्रतिबिंबं उभी, बर्फाचे तुकडे आणि त्यांचे ब्रशचे फटके आडवे. पुढचे तुकडे मोठे, रुंद, अंतर जास्त. मागे जाताना ते चपटे होत होत शेवटी नुसत्या आडव्या रेघा उरतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे लांब जाताना बारीक होतात तोच नियम. या तुकड्यांनी अख्खी नदी आपल्या डोळ्यांपुढे अंथरली जाते. तुकडे काढून टाका, मनातल्या मनात, आणि बघा काय होतं, खालचा अर्धा भाग पुन्हा उभी भिंत होतो कारण तिथे उलटी झाडं आणि उलटं आभाळच तेवढं उरतं.

तुकडे इतके चपटे का हेही भौतिकशास्त्र आहे. बर्फ पाण्यापेक्षा किंचितच हलका, म्हणजे साधारण नऊ दशांश भाग पाण्याखाली आणि एक दशांश वर. एक फूट जाडीचा तुकडा असेल तर पाण्याच्या वर जेमतेम इंचभर दिसणार. म्हणून मोनेने त्यांना जाडी दिलेलीच नाही, कडेला एक गडद रेघ, झालं. काही चित्रकारांनी याच विषयात हिमनगासारखे डोंगर रचलेत, नाट्यमय दिसतं पण नदी तशी नसते. मात्र ज्या चित्रांत बर्फ नुकताच फुटलाय, उदाहरणार्थ लिस्बनच्या गुलबेंकियन म्युझियममधलं, तिथे तुकडे एकमेकांवर आपटून तिरपे झालेत आणि फटकेही मग आडवे-तिडवे झालेत. 'ले ग्लासों' मध्ये तसं नाही, तिथे धक्का ओसरलाय.

आणि पाण्यात प्रतिबिंब कुठे दिसतं, कुठे नाही? पाण्याकडे अगदी खाली वाकून बघितलं तर आरपार दिसतं, लांबच्या पाण्याकडे तिरप्या नजरेने बघितलं तर ते आरसा होतं. नजर जितकी तिरपी तितका आरसा पक्का. म्हणून लांबच्या पाण्याने आभाळ घेतलंय आणि पायाजवळचं जरा गडद. प्रतिबिंब नेहमी आपल्याच दिशेने सरळ खाली येतं, सावली मात्र सूर्याच्या उलट्या बाजूला, कुठेही. नवशिके चित्रकार या दोन्हींची हमखास गल्लत करतात. आणि इथे तर तीन गोष्टी एकाच पृष्ठभागावर आहेत, वर तरंगणारा तुकडा, त्याच पातळीवर चमकणारं आभाळ, आणि त्यात उलटी झाडं. यातलं जवळ काय आणि लांब काय? आभाळ कोट्यवधी योजने दूर आणि तरी तुकड्याच्या शेजारी, खालीही. इथून कमळाच्या तळ्यापर्यंत जायला फार लांब जावं लागत नाही, तिथे बर्फाच्या तुकड्यांच्या जागी पानं आली आणि काठ गायब झाला, बाकी खेळ तोच.

आता त्या घाईच्या समजाकडे. 'ले ग्लासों' नदीवर बसून काढलेलं नाही! नदीवर त्याने छोटी-मध्यम चित्रं केली आणि त्यांच्यावरून हे मोठं चित्र स्टुडिओत, सालों नावाच्या सरकारी प्रदर्शनासाठी तयार केलं. ऑइलचा थर वाळायला दिवस लागतात, जाड असेल तर त्याहून जास्त, वाळलेल्या पाण्यावर तुकडा काढला तर त्याची कड स्वच्छ येते, ओल्यावर काढला तर रंग एकमेकांत मिसळून धूसर येतो. मोठ्या चित्रात हे दोन्ही लागतं, म्हणजे थांबणं आलं, परत येणं आलं. जो फटका झटक्यात मारल्यासारखा दिसतो तो झटक्यात मारलेला दिसावा म्हणून केलेला असतो.

त्याचं सालोंचं गणित पण गंमतीशीर आहे. मार्च 1880 मध्ये एका मित्राला त्याने लिहिलं की तीन मोठे कॅनव्हास करतोय, त्यातले दोनच पाठवणार, कारण तिसरं अगदी माझ्या मनासारखं झालंय आणि ते हमखास नाकारतील. त्याऐवजी जरा शहाणं, मध्यमवर्गीयांना पटेल असं काहीतरी केलं. हे तिसरं म्हणजे सूर्यास्ताचं हिवाळी चित्र, पॅरिसच्या पती पाले म्युझियममधलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. मग काय झालं? जे "शहाणं" चित्र होतं, लावाकूरचं उन्हाळी, ते घेतलं पण भिंतीवर इतकं उंच टांगलं की कोणाला धड दिसेना, आणि 'ले ग्लासों' नाकारलं. यानंतर मोनेने सालोंला पुन्हा चित्र पाठवलंच नाही. जूनमध्ये शार्पांतिए या प्रकाशकाच्या मासिकाच्या गॅलरीत त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन लागलं, तिथे 'ले ग्लासों' होतं, आणि शार्पांतिएच्या बायकोने ते विकत घेतलं. पुढे ते न्यूयॉर्कच्या हॅवमायर कुटुंबाकडे गेलं आणि त्यांच्याच मुलीने 1947 मध्ये शेल्बर्न म्युझियम काढलं, म्हणून हे चित्र व्हरमाँटला, जिथे बर्फाची काही कमी नाही.

एका गोष्टीवर माझं थोडं भांडण आहे. या चित्रांबद्दल कुठेही वाचा, लगेच कामीयचा मृत्यू, गोठलेलं मन, फुटणारं दुःख असं सुरू होतं. चार महिन्यांपूर्वी बायको गेलीय हे खरं, आणि त्याचा परिणाम नसेल असं कोण म्हणेल. पण त्याच माणसाच्या डोक्यावर देणी होती, घरात आठ पोरं होती, सालोंचा मे महिना जवळ येत होता आणि असा हिवाळा परत येईल याची खात्री नव्हती. नदीने त्याला आयता विषय दिला आणि त्याने एकही दिवस वाया घालवला नाही. दुःखाची गोष्ट लावली की चित्र सोपं होतं, बघायचं कामच उरत नाही, हा माझा आक्षेप. निळ्याला "उदास निळा" म्हणून टाकलं की तो आभाळातून आलाय हे कोण तपासणार? आणि गुलाबीचं मग काय करणार, तो तर भरपूर आहे.

पुढे 1893 च्या थंडीत सीन परत गोठली तेव्हा मोने जवळच जिव्हर्नीला होता, पैसेवाला झाला होता, आलिसशी लग्न झालं होतं, तरी पुन्हा बेनेकूरजवळ काठावर जाऊन बसलाच. त्यातलं एक न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. ते 1880 च्या चित्राशेजारी ठेवून बघा, तेरा वर्षांत माणूस किती सैल झालाय ते दिसेल, झाडं जवळपास धुकं झालीत, तुकडे ब्रशचे नुसते ठिपके, आणि रंगांमधलं अंतर इतकं कमी की फोटोत तर अर्धं चित्र हरवतंच. मला विचाराल तर 1893 चं जास्त सुंदर आहे पण शिकायला 1880 चंच बरं, त्यात सांगाडा दिसतो.

पॅरिसला जाणं झालं तर ओर्सेत पाचव्या मजल्यावर चढा, टूरवाले तासाभरात बाहेर काढतात त्यामुळे खालचं बाकी सोडलंत तरी चालेल. मोनेचं बर्फाचं एखादं चित्र गाठा, आधी त्यापासून सातआठ पावलं लांब उभे राहा, मग हळूहळू जवळ जा आणि कोणत्या पावलाला बर्फाचे नुसते रंगाचे डाग होतात ते पकडा, गार्ड ओरडेपर्यंत. घरी मोबाईलवर बघणार असाल तर स्क्रीनचा तो नाईट मोड, डोळ्यांना आराम देणारा पिवळा, आधी बंद करा, नाहीतर मोनेने मेहनतीने लावलेला सगळा निळा फोनच खाऊन टाकतो आणि तुम्ही म्हणाल की लेखात सांगितलं तसं काहीच दिसत नाही.